तीनशेवीस पाहुणे, एकशेतीस रोट्या: त्रिनिदादमधल्या एका रिसेप्शनचा स्वयंपाक

पार्श्वभूमी

नवऱ्याची नोकरी पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणून आम्ही त्रिनिदादला. पुण्यात मी सात वर्षं कॅन्टीन आणि कार्यालयांतली जेवणं सांभाळली होती, त्यामुळे इथं आल्यावर हात स्वस्थ बसेनात. कूवामधल्या एका केटरर बाईंकडं मी आता मोजमाप, खरेदी आणि वेळापत्रक बघते. कढईपाशी त्या, वहीपाशी मी. हे प्रकरण त्यांच्याकडं आलेल्या एका लग्नाचं आहे. माणसांची ओळख लागू नये इतपत तपशील हलवले आहेत.

मुलगी कूवाच्या बाजूची, हिंदू घरातली. मुलगा अरीमाचा, आफ्रिकी वंशाचा, कॅथलिक. इथं असं लग्न काही नवलाचं नाही. २०११ च्या जनगणनेत देशात भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकी वंशाचे ३४.२ टक्के आणि मिश्र वंशाचे २२.८ टक्के लोक होते. हा तिसरा आकडा मी तेव्हा नीट वाचायला हवा होता. त्यावर पुढं येतेच.

मुलीच्या घरचे पूर्वज गिरमिटिये, म्हणजे कराराने आणलेले मजूर. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज इथं लागलं आणि १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसं उसाच्या मळ्यांवर आली, बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातली. घरात बोलायची भाषा आता इंग्रजी झाली, पण स्वयंपाकघरानं आपले शब्द सोडले नाहीत: तवा, बेलना, कल्छुल (पळी), चोका (भाजून ठेचलेली भाजी), तलकारी (भाजी). आणि वडिलांच्या आईला इथं ‘आजी’च म्हणतात. पहिल्यांदा दुकानात कुणीतरी मागून ‘आजी!’ अशी हाक मारली तेव्हा मी चटकन वळून पाहिलं होतं. या मुलीची आजी ८३ वर्षांची, अजून स्वतःच्या परसातल्या चुलीवर डाळ फोडणीला घालणारी. सगळं घर तिच्या शब्दाबाहेर नाही.

लग्न तीन दिवसांचं. शुक्रवारी माटीकोर, म्हणजे बायकांनी माती उकरून आणायचा विधी, शनिवारी ‘कुक नाइट’, म्हणजे शेजारपाजार जमून रात्रभर भाज्या चिरायच्या, मोठ्या कढयांत रविवारचा स्वयंपाक करायचा, मधूनमधून नाचायचं. रविवारी सकाळी वरात, विधी आणि दुपारी सोहारीच्या पानावर शाकाहारी जेवण. सोहारीचं पान केळीच्या पानापेक्षा आखूड, पण पानावर जेवताना आमटी अडवायची कसरत तीच. संध्याकाळी त्याच गावातल्या हॉलमध्ये रिसेप्शन. आमच्याकडं काम होतं ते फक्त या रिसेप्शनचं: ३२० पाहुणे, मुलीकडचे १९०, मुलाकडचे १३०.

अडचण

पहिल्याच बैठकीत चार मागण्या टेबलावर आल्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या.

आजीचं म्हणणं, लग्नाच्या दिवशी मुलीकडच्यांच्या तोंडात मांस जाऊ नये, आणि शाकाहारी भांड्याला दुसरी पळी लागू नये. मुलाच्या आईला सगळे ‘टँटी’, म्हणजे मावशी-काकू, म्हणत, मीही तेच म्हणू लागले. त्यांचं म्हणणं, कालालू, मॅकरोनी पाय आणि ब्लॅक केक नसेल तर त्यांच्या नातेवाइकांना आपण परक्याच्या लग्नाला आलोय असं वाटेल. मुलीच्या वडिलांचे साधारण २५ सहकारी मुसलमान, त्यांना हलाल हवं. आणि नवरा-नवरीला हवी होती बदकाची करी. त्यावर दोघांचं कसलंच दुमत नव्हतं.

(फोनवर आईला ‘मॅकरोनी पाय’ सांगितलं तर ती म्हणाली, ‘कुणाचे पाय?’ तर मॅकरोनी, चीज, अंडी आणि आटवलेलं दूध एकत्र करून ट्रेमध्ये भाजतात, आणि वड्यांसारखे चौकोन कापतात. रविवारच्या क्रिओल जेवणात तो असतोच.)

त्यात हॉल. बुकिंगच्या वेळी ‘स्वयंपाकघर आहे’ असं सांगितलं गेलं होतं. प्रत्यक्षात एक सिंक, एक फ्रिज आणि दोन प्लग. गॅस आत चालणार नाही. महिना जूनचा, म्हणजे पावसाळा लागलेला, आणि रोटी भाजायची जागा हॉलच्या मागं तंबूखाली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आजीच्या मनासारखं पूर्ण शाकाहारी रिसेप्शन. स्वस्त आणि सोपा. पण टँटींकडच्या लोकांना दुपारीही शाकाहारी, रात्रीही शाकाहारी, आणि वर दारू नाही. मुलीच्या वडिलांनीच तो फेटाळला.

दुसरा, एकच मोठा बुफे, सगळं एका रांगेत. वाढपी कमी लागतात, जागा कमी लागते. पण शाकाहारी पळी बदकाच्या भांड्यात जायला एक घाईतला पाहुणा पुरतो, आणि आजी बरोबर समोर बसणार होती.

तिसरा, दोन टोकांना दोन काउंटर आणि मधे रोटीचं. एका बाजूला शाकाहारी: चना-आलू, भोपळ्याची तलकारी, कैरीची करी, भात, डाळ. दुसऱ्या बाजूला स्ट्यू चिकन, बदक, फ्राइड राइस, मॅकरोनी पाय. आम्ही हाच घेतला.

मांसाच्या बाबतीत फार डोकं लावावं लागलं नाही. बीफ नाही, पोर्क नाही, कोंबडी आणि बदक दोन्ही हलाल. सरमिसळ पाहुण्यांच्या समारंभात इथं हीच रीत आहे. बार व्हरांड्यात, आजीच्या नजरेआड. तेही दोन मिनिटांत ठरलं.

वेळ गेला तो कालालूवर. आपल्याकडच्या लग्नातलं अळूचं फदफदं डोळ्यासमोर आणा. कालालू त्याचं चुलतभावंड आहे. तीच अळूची पानं, पण चिंच-गुळाऐवजी नारळाचं दूध, भेंडी, भोपळा, शाडो बेनी नावाची कोथिंबिरीच्या वासाची लांब पानं, आणि वर अख्खी झणझणीत मिरची न फोडता सोडलेली. आणि खेकडा. खेकड्याशिवायचं कालालू टँटींच्या लेखी कालालूच नव्हे. आमच्या बाईंनी सुचवलं, मोठं पातेलं बिनखेकड्याचं शाकाहारी टेबलावर, छोटं खेकड्याचं दुसऱ्या टेबलावर. टँटी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘खेकड्याचं मी करणार. घरून करून आणणार.’ केटररनं बाहेरचं शिजवलेलं अन्न टेबलावर घेऊ नये, हा आमचा नियम. तो आम्ही मोडला, पण त्यांनी आमच्याच स्वयंपाकघरात, आमच्याच शेगडीवर करावं या अटीवर. त्या आल्या, स्वतःची मोठी पळी घेऊन आल्या, आणि पानं पुरती शिजेपर्यंत कुणाला झाकण उघडू दिलं नाही. कच्चं राहिलं तर घसा खाजतो, हे त्यांना आणि मला दोघींनाही लहानपणापासून ठाऊक.

मॅकरोनी पायचा पेच नंतर लक्षात आला. त्यात अंडं असतं, आणि मुलीकडचे कित्येक जण विधीच्या दिवशी अंडंही खात नाहीत. सहापैकी एक ट्रे बिनअंड्याचा करायचं ठरलं.

मोजमाप, आणि माझी चूक

आता मुख्य गोष्ट: रोटी. या रिसेप्शनची जीवनरेखा म्हणजे ‘बस-अप-शट’. नाव इंग्रजीतल्या ‘फाटक्या शर्टा’वरून आलंय. मैद्याच्या गोळ्याला, म्हणजे ‘लोया’ला, तूप लावून गुंडाळी करतात, पुन्हा विश्रांतीला ठेवतात, मग मोठ्या तव्यावर जवळजवळ पारदर्शक लाटून भाजतात. भाजत आली की दोन लाकडी ‘दाबला’, म्हणजे उलथनी, घेऊन तव्यावरच दोन्ही बाजूंनी बडवतात. पदर सुटतात, रोटी फाटते, तव्यावर मऊ चिंध्यांचा ढीग उरतो. आमच्याकडच्या दोन बायका हे काम करतात. त्यातल्या थोरलीचा हात चालू असताना तव्यावरून टक-टक, टक-टक असा आवाज येतो आणि तुपाची वाफ तिच्या चष्म्यावर चढते. ती चष्मा पुसत नाही. बोटांनीच बघते.

मी हिशोब केला तो आपल्या सवयीनं, मुलीकडचे आणि मुलाकडचे असा. मुलीकडचे १९०, माणशी अर्धी रोटी, म्हणजे ९५. मुलाकडचे १३०, चवीपुरती पाव, म्हणजे साधारण ३३. एकूण १२८, धरल्या १३०. मॅकरोनी पायचं उलटं: मुलाकडच्यांना माणशी एक तुकडा, मुलीकडच्यांपैकी निम्म्यांना. एकूण २२५. एका ट्रेचे ४० तुकडे, म्हणून सहा ट्रे, २४० तुकडे. बाईंनी कागद पाहिला, भुवई उंचावली, म्हणाल्या, ‘रोटी कमी वाटते.’ मी म्हटलं, दुपारीच रोटी खाल्लेली असणार. त्यांनी मान डोलावली. माझं वाक्य बरोबर होतं. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला.

संध्याकाळ

नव्वद रोट्या दुपारी तीन ते पाचमध्ये आमच्या स्वयंपाकघरात झाल्या, कापडात गुंडाळून कूलर बॉक्समध्ये भरल्या. चाळीस हॉलमागं ताज्या करायच्या होत्या. निमंत्रण सहाचं, लोक साडेसातपर्यंत येत राहिले. इथं ते गृहीतच धरायचं असतं. सव्वासातला पाऊस आला. तंबूची एक बाजू उडायला लागली, बर्नरच्या ज्योती आडव्या पडल्या आणि तवे थंड झाले. दोन वाढपी पत्रे धरून उभे राहिले. वीस मिनिटं रोटी बंद.

आठ दहाला रांगा सुरू झाल्या आणि मला समोर दिसायला लागलं. मुलीकडचे लोक शाकाहारी टेबलाला वळसा घालून मॅकरोनी पायच्या रांगेत उभे होते. मुलाकडचे बस-अप-शटच्या.

कारण साधं होतं. मुलीकडच्यांनी शुक्रवारपासून रविवार दुपारपर्यंत रोटी, चना, भोपळा, रोटी, चना, भोपळा हेच खाल्लं होतं. रात्री त्यांना चीज हवं होतं. मुलाकडून सकाळी वरातीत आले होते फक्त ४० जण. उरलेले ९० थेट संध्याकाळी आले. त्यांनी लग्नाची रोटी पाहिलीही नव्हती, आणि हिंदू लग्न म्हटलं की इथला कुठल्याही वंशाचा माणूस आधी रोटीच शोधतो. अरीमाचे एक काका मला म्हणाले, ‘मी चर्चचं जेवण कधीही खाऊ शकतो. ही रोटी मला कोण देणार?’ शिवाय बस-अप-शटची ‘अर्धी’ कशी वाढायची? ढिगातून चिमट्यानं जेवढं येईल तेवढं. कागदावरची अर्धी ताटात पाऊण होऊन पडत होती.

मांसाचं म्हणाल, तर आजीच्या मनासारखं झालं नाही. मुलीकडच्या तरुणांनी स्ट्यू चिकन घेतलंच. आजीनं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

साडेआठला मी बॉक्समध्ये हात घातला. शेवटचा थर. अजून सव्वाशेच्या आसपास माणसं रांगेत होती.

इथं तीन गोष्टी तातडीनं ठरवायच्या होत्या.

पहिली: मुलीच्या मामूंनी सांगितलं, घरी साठेक दालपुऱ्या उरल्यात, दहा मिनिटांत आणतो. पहाटे पाचच्या. वाटलेल्या शिजलेल्या डाळीचं ओलसर सारण, गरम असतानाच बंद डब्यात भरलेलं, आणि जूनच्या उकाड्यात साडेपंधरा तास. मी नाही म्हटलं. साठ अंशांच्या वर गरम किंवा पाचच्या खाली थंड राहिलं नसेल असं शिजलेलं अन्न इतक्या तासांनी तीनशे माणसांपुढं ठेवायचं नाही, यावर माझी तडजोड नाही. मामूंना तो आपल्या घराचा अपमान वाटला. त्यातल्या काही त्याच रात्री घरी खाल्ल्या गेल्या आणि कुणाला काही झालं नाही, हेही लिहून ठेवते. तरी पुन्हा वेळ आली तर उत्तर तेच असेल.

दुसरी: नवी रोटी करायची का? गाडीत अख्खं पोतं मैदा होतं, निव्वळ बाईंच्या जुन्या सवयीनं. दहा किलो मळला. पण लोयाला विश्रांती दिल्याशिवाय बस-अप-शट होत नाही. घाई केली तर पदर सुटत नाहीत, चामडं होतं. थोरलीनं स्पष्ट सांगितलं, सव्वानऊच्या आत नाही.

म्हणजे तिसरी: आठ पन्नास ते सव्वानऊ काय करायचं? केक पावणेदहाला कापायचा होता. मी टँटींकडं गेले आणि खरं ते सांगितलं, की रोटी संपतेय आणि ती माझ्या हिशोबाची चूक आहे. केक आत्ता कापला तर लोक रांग सोडून पुढं येतील. ब्लॅक केक टँटींच्या बहिणीनं केला होता. मनुका, प्रून, चेरी कित्येक महिने रम आणि चेरी ब्रँडीत मुरवलेल्या. केक कापणं हा त्यांचा मानाचा क्षण होता, आणि मी तो माझ्या गैरसोयीसाठी पुढं ओढत होते. त्या म्हणाल्या, ‘माझ्या बहिणीला माइक दे. ती पंचवीस मिनिटं सहज बोलते.’ त्या अठ्ठावीस मिनिटं बोलल्या.

काय झालं

सव्वानऊ ते दहा, दोन तव्यांवर आणखी ४५ रोट्या झाल्या. या वेळी आम्ही ढीग केला नाही. प्रत्येक वाटा मेणकागदात बांधून दिला, आणि त्या ४५ रोट्या उरलेल्या सगळ्यांना पुरल्या. केकमुळे भूकही थोडी मोडली होती.

मॅकरोनी पाय मात्र नऊला संपला तो संपला. त्यातला बिनअंड्याचा ट्रे सगळ्यात आधी गेला, कारण तो शाकाहारी टेबलावर एकटाच ठेवला होता आणि मुलांना तो लांबूनच दिसला. ज्यांच्यासाठी केला त्या सहा-सात बायकांपैकी दोघींनाच मिळाला. चिठ्ठी लावली होती. चिठ्ठी कोण वाचतो?

उरलं काय? भोपळ्याची तलकारी दोन तृतीयांश, चना-आलू निम्मं, फ्राइड राइस दीड ट्रे. बदक बरोबर पुरलं, कारण ते वाढपी वाढत होते. दोन्ही पातेल्यांतलं कालालू तळापर्यंत संपलं, पळ्यांची अदलाबदल झाली नाही, आणि आजीनं बिनखेकड्याचं दोनदा मागवलं. अकराला कपांतून कॉर्न सूप दिलं: पिवळ्या वाटाण्याची डाळ, मक्याचे तुकडे, कणकेचे छोटे गोळे. ते कुणी मोजलं नव्हतं आणि पुरलं.

आता करायचं झालं तर

शाकाहारी कमी, रोटी जास्त, हे तर आहेच. पण त्याहून मूळचं म्हणजे ‘कुणाकडचे किती’ या रकान्यावरून मी पदार्थ मोजायला नको होते. आपल्याकडं तो रकाना बऱ्यापैकी चालतो. पण जिथं जवळजवळ चौथा हिस्सा लोक स्वतःला मिश्र वंशाचे म्हणवतात, तिथं रोटी एका वंशाची आणि मॅकरोनी पाय दुसऱ्याचा, ही वाटणी फक्त माझ्या वहीत होती. आता मी प्रत्येक कामाला दोन गोष्टी विचारते: हे पाहुणे आदल्या दिवसापासून काय जेवलेत, आणि दुपारच्या पंगतीला यातले किती होते. या लग्नात हे विचारलं असतं तर रोटी १८० धरली असती, पाय आठ ट्रे, आणि भोपळा निम्मा.

बिनअंड्याचा ट्रे टेबलावर ठेवायचाच नाही. ज्यांना हवा त्यांची नावं आधी घ्यायची आणि वाढप्यानं हातात नेऊन द्यायचा.

हॉल बघायला स्वतः जायचं आणि ‘स्वयंपाकघर’ म्हणजे काय ते उघडून बघायचं. तंबूला चारही बाजू हव्यात. बाजूंचं भाडं वाचवलं होतं, तेही मीच.

केकबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं नाही. तो पुढं ओढला म्हणून रात्र सावरली. पण टँटींच्या तीन बहिणी उशिरा आल्या आणि त्यांना केक कापताना बघायलाच मिळालं नाही. रोटी पंचवीस मिनिटं नाही असं माइकवरून सरळ सांगून टाकलं असतं तर लोक थांबलेही असते कदाचित. कार्यात ‘संपलं’ म्हणायची आपल्याला लाज वाटते, ती माझ्यातही आहे.

जास्तीच्या ४५ रोट्यांचे पैसे आम्ही बिलात धरले नाहीत. टँटींनी त्यांची कालालूची पळी आमच्या स्वयंपाकघरातच विसरली. दोन महिने झाले, नेते-नेते म्हणतात, नेत नाहीत, आणि आता बाई तीच पळी वापरतात. मामू भेटले की अजून दालपुरीवरून बोलतात.